वाळूच्या पोटातले पन्नास दिवस

ऑलिव्ह रिडलीची मादी अंडी घालून झाली की मागच्या पायांनी खड्ड्यावर वाळू लोटते आणि मग सगळं अंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे आपटत ती वाळू ठोकून बसवते. तासाभराच्या आत ती समुद्रात परतलेली असते. मागे राहिलेल्या शंभर-सव्वाशे अंड्यांकडे ती पुन्हा कधीच येत नाही. राखण नाही, उबवणं नाही, भरवणं नाही. पक्षीण जे काम अंगाच्या उबेनं आणि चोचीनं करते, ते सगळं इथे दीड फूट खोलीवरच्या वाळूकडे सोपवलेलं असतं. जागा निवडणं आणि खड्डा नीट खणणं एवढंच तिचं आईपण. म्हणून तो खड्डा कसा आहे, याला फार मोल आहे.

आपल्याकडे कासवांची गोष्ट बहुतेक वेळा पिल्लं समुद्राकडे निघतात तिथून सुरू होते. वेळास, आंजर्ले, गुहागर, हरिहरेश्वर, वायंगणी, तांबळडेग, गोव्यातलं मोरजी, आगोंद, गालजीबाग अशा पुळणींवर हंगामात टोपली उचलली जाते, पिल्लं वाळूवर सोडली जातात आणि नोंदवहीत आकडा लिहिला जातो. या आकड्यामागे मोठं काम आहे. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं २००२ च्या सुमारास वेळासला सुरुवात केली, तेव्हा पुळणीवरची अंडी माणसं आणि कुत्री-कोल्हे खणून काढत. आज गावोगावचे कासवमित्र पहाटे पुळण चालतात, माग ओळखतात, अंडी सुरक्षित कुंपणात आणतात. पण पिल्लं किती सुटली हा आकडा अर्धीच हकीकत सांगतो. त्यांत नर किती, माद्या किती, ती केवढी आहेत, त्यांच्या पायांत जोर किती, पोटात बलक किती उरलाय, हे सगळं ती वर येण्याआधीच ठरून गेलेलं असतं. ठरवणारे तिघे: उष्णता, ओलावा आणि हवा. अंडी वाचवायची तर त्यांच्याभोवतीची ही परिस्थितीही वाचवावी लागते, आणि कोकणातल्या कामानं आता या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे वळावं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात पहिल्या काही तासांपासून करू, कारण पुष्कळ काही तिथेच बिघडू शकतं.

मादीच्या पोटात असताना अंड्यातला गर्भ अगदी प्राथमिक अवस्थेपर्यंत वाढतो आणि थांबतो. अंडवाहिनीत प्राणवायू फार कमी असतो, त्यामुळे ही वाढ रोखून धरलेली राहते. म्हणूनच ऑलिव्ह रिडली मनाजोगी रात्र येईपर्यंत तयार अंडी पोटात घेऊन आठवडे काढू शकते. अंडी वाळूत पडली, त्यांना हवा लागली की काही तासांत वाढ पुन्हा सुरू होते. गर्भ अंड्याच्या वरच्या बाजूला सरकतो आणि कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. दिवसाभरात त्या जागी कवचावर खडूसारखा पांढरा डाग दिसायला लागतो आणि पुढच्या दिवसांत तो पसरत जातो. एकदा गर्भ असा चिकटला की अंडं उलटं करणं घातक. आतले कोवळे पापुद्रे फाटतात आणि वाढ तिथेच संपते. ऑस्ट्रेलियातले कासव-अभ्यासक कॉलिन लिंपस यांनी १९७९ मध्ये हे प्रयोगानं दाखवलं.

कोकणातले कासवमित्र पहाटेच का धावतात आणि अंडी उचलताना ती न फिरवता, वरची बाजू वरच ठेवून का नेतात, याचं कारण यात आहे. घरटं दुपारी किंवा दुसऱ्या दिवशी सापडलं तर ते हलवायचं की जागेवरच कुंपण घालून राखायचं, हा निर्णय फार विचारानं घ्यायला हवा. उशिरा हलवलेल्या अंड्यांतून पिल्लं निघत नाहीत, तेव्हा दोष अंड्यांचा आहे असं वाटतं. खरं तर ती वाटेतच गेलेली असतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर एक छान उपाय सुचवला आहे: अंडी लगेच प्राणवायू नसलेल्या पिशवीत ठेवली तर गर्भ पोटातल्यासारखाच थांबून राहतो आणि दूरचा प्रवास सोसतो.

आता खड्ड्याच्या आत जाऊ. अरुंद गळ्याच्या आणि फुगीर पोटाच्या मडक्यासारखा त्याचा आकार असतो. वरचा गळा वाळूनं भरतो, पोटात अंड्यांची रास. अंडी साधारण चार सेंटिमीटर व्यासाची, कवच मऊ आणि चिवट. कोंबडीच्या अंड्यासारखं ते टणक नसतं आणि त्यातून पाणी आणि वायू दोन्ही ये-जा करतात. अंड्यांच्या मधल्या फटींत वाळू फारशी जात नाही, तिथे हवा खेळते.

ही हवा पुरेशी आहे का, हा प्रश्न सुरुवातीला येत नाही. पहिल्या पंधरवड्यात गर्भ इवलेसे असतात, त्यांना प्राणवायू थोडाच लागतो. शेवटच्या दोन आठवड्यांत मात्र शंभराहून अधिक पिल्लं एकाच बंद जागेत श्वास घेत असतात. खड्ड्यातला प्राणवायू घटतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि वाळूच्या कणांमधून बाहेरची हवा झिरपत आत येईल तेवढ्यावर सगळ्यांची गुजराण चालते. राल्फ ॲकरमन यांनी १९७० च्या दशकात हे मोजलं आणि दाखवलं की वाळूचा प्रकार, खड्ड्याची खोली आणि अंड्यांची संख्या या तिन्हींचा एकमेकांशी मेळ असावा लागतो. बारीक, चिकट किंवा पाण्यानं भरलेल्या वाळूतून हवा नीट जात नाही. राशीच्या मधोमध असलेल्या अंड्यांना सर्वांत जास्त तंगी सोसावी लागते. मादी तिच्या मापानं खणते तेव्हा हा मेळ बसलेला असतो. माणूस हातानं खणतो तेव्हा त्यालाही तीच खोली, तोच गळा, तेच पोट साधावं लागतं. वेडावाकडा, उथळ किंवा फारच खोल खड्डा केला की पिल्लांची गणितं पहिल्या दिवसापासून बदलतात.

भरतीचं पाणी शिरलं की हवेची वाट पूर्णच बंद होते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरच्या रेन बेटावर हिरव्या कासवांची जगातली सर्वांत मोठी वसाहत अंडी घालते. तिथे घरट्यांत पाणी शिरून अंडी मरतात असं लक्षात आल्यावर अंडी समुद्राच्या पाण्यात किती वेळ तग धरतात हे तपासलं गेलं. एक ते तीन तासांच्या बुडण्यानं नुकसान थोडं झालं. सहा तासांनी मात्र सुमारे तीस टक्के अंडी वाया गेली. भरतीरेषेच्या खाली घातलेलं घरटं वर हलवायलाच हवं, ते या हिशेबानं.

ओलाव्याचं काम जरा निराळं आहे. अंडी आजूबाजूच्या वाळूतून पाणी शोषतात. पुरेशा ओल्या आणि जरा थंड वाळूतली पिल्लं बलकाचं अधिक रूपांतर शरीरात करतात, म्हणून ती आकारानं मोठी होतात आणि पोटात बलक कमी उरतो. कोरड्या, तापलेल्या वाळूतली पिल्लं लवकर तयार होतात, लहान राहतात, पोटात बलक मात्र जास्त असतो. वरवर पाहता हा सौदा बरोबरीचा वाटेल, पण तो तसा नाही. मोठं पिल्लू वेगानं चालतं, मोठ्या तोंडाच्या माशांखेरीज इतरांना गिळायला जड जातं, आणि पुळणीवर कुर्ल्या, कावळे, घारी असताना काही सेकंदांचाही फरक पडतो.

उष्णतेकडे मात्र थांबून पाहायला हवं.

मार्चच्या दुपारी पुळणीवर अनवाणी पाय ठेववत नाही. तरी दीड फुटावर वाळूचं तापमान दिवसा-रात्री फारसं हलत नाही. तिथे चटका पोचत नाही, ऋतू पोचतो. डिसेंबर-जानेवारीतली खोलवरची वाळू आणि एप्रिलमधली खोलवरची वाळू यांत काही अंशांचा फरक असतो, आणि कासवाच्या गर्भासाठी एकेक अंश मोलाचा. २४ ते ३४ अंश सेल्सिअस एवढ्याच पट्ट्यात त्याची वाढ नीट होते. या पट्ट्यात तापमान एका अंशानं वाढलं तर उबवणीचा काळ साधारण पाच दिवसांनी आखडतो. म्हणून ऑलिव्ह रिडलीची पिल्लं कुठे पंचेचाळीस दिवसांत बाहेर येतात, तर कुठे साठ-पासष्ट दिवस लागतात.

आणि याच अंशांवर पिल्लू नर की मादी हे ठरतं. माणसात आणि पक्ष्यात हे गुणसूत्रं ठरवतात, तेही फलनाच्या क्षणीच. समुद्री कासवांत लिंग ठरवणारी अशी गुणसूत्रं नसतात. अंड्यातल्या गर्भाची जननग्रंथी सुरुवातीला दोन्हीकडे वळू शकेल अशी असते. उबवणीच्या कालावधीचे तीन भाग केले तर मधल्या भागात वाळूचं तापमान किती आहे, त्यावर ती वृषण होणार की अंडाशय हे ठरतं. तापमानाचा आणि लिंगाचा असा संबंध पहिल्यांदा १९६६ मध्ये मॅदलेन शार्निए या फ्रेंच संशोधिकेला सेनेगलमधल्या डाकारला एका सरड्यात दिसला. समुद्री कासवांबद्दल १९८० मध्ये सी. एल. इंटेमा आणि निकोलस म्रोसोव्स्की यांनी लॉगरहेड कासवाची अंडी निरनिराळ्या तापमानांना उबवली. २८ अंशांना आणि त्याखाली नर, ३२ अंशांना आणि त्यावर माद्या, ३० च्या आसपास मिश्र. बहुतेक समुद्री कासवांत निम्मे नर-निम्म्या माद्या देणारं तापमान २९ ते ३१ अंशांच्या मध्ये कुठेतरी पडतं. याच्या दोन्हीकडे दोन-तीन अंश गेले की चित्र एकतर्फी होतं.

भारतात हा प्रश्न फार लवकर हाती घेतला गेला. ओडिशातल्या उत्कल विद्यापीठात प्रियंबदा मोहंती हेजमाडी प्राणिशास्त्र शिकवत. त्या ओडिसी नृत्यातल्याही मोठ्या कलावती, पुढे त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी एम. टी. डायमंड या अमेरिकी संशोधिकेबरोबर ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडलीची अंडी वेगवेगळ्या तापमानांना उबवून पाहिली. १९८३ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष तोच होता: कमी तापमानाला नर, जास्त तापमानाला माद्या. म्हणजे आपल्या जातीच्या, आपल्या समुद्रातल्या कासवांबद्दल ही माहिती आपल्याकडे चाळीस वर्षांहून अधिक काळ आहे.

पेशींच्या आत हे घडतं कसं? त्याचा उलगडा अलीकडे होऊ लागला, तोही गोड्या पाण्यातल्या एका कासवात, ज्याच्या कानाजवळ लाल पट्टा असतो आणि जे शोभेच्या माशांच्या दुकानात विकायला असतं. चीन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की थंड अंड्यांत एक विशिष्ट विकर जास्त प्रमाणात तयार होतं. गुणसूत्रांतला डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरच्या काही रासायनिक खुणा हे विकर पुसतं, आणि त्या पुसल्या की वृषण घडवणारं जनुक जागं होतं. २०२० मध्ये पुढची कडी मिळाली. उबदार तापमानात पेशींत कॅल्शियम शिरतं, त्यामुळे एक संदेशवाहक प्रथिन सक्रिय होतं आणि ते त्या विकराला दाबून टाकतं. मग वृषण घडवणारं जनुक गप्प राहतं आणि ग्रंथी अंडाशयाच्या वाटेनं जाते. उष्णता मोजणारा अवयव नाही, मेंदू अजून पुरता घडलेला नाही, आणि तरी पेशी वाळूचं तापमान ‘वाचते’ आणि आयुष्यभराचा निर्णय घेते. हे मला या सगळ्यातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

आता जगाची वाळू तापते आहे. त्याचा परिणाम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लख्ख दिसला. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात चरणारी हिरवी कासवं पकडून, त्यांची तपासणी करून, आनुवंशिक खुणांवरून ती कुठल्या किनाऱ्यावर जन्मली हे ठरवलं गेलं. रेन बेट आणि आसपासच्या उबदार किनाऱ्यांवरच्या कासवांपैकी मोठ्या कासवांत माद्या सुमारे ८७ टक्के, तर लहान वयाच्या कासवांत ९९ टक्क्यांच्या वर. दक्षिणेकडच्या थंड किनाऱ्यांवर जन्मलेल्यांत मात्र माद्या ६५ ते ६९ टक्के. म्हणजे उत्तरेत बऱ्याच वर्षांपासून नर जवळजवळ जन्मलेलेच नाहीत. लहान कासव वयात यायला वर्षानुवर्षं लागतात, म्हणून त्याची झळ आज अंडी घालायला येणाऱ्या माद्यांच्या संख्येत दिसत नाही.

माद्या जास्त असणं हेच संकट, असं मात्र समजू नये. एक नर अनेक माद्यांशी जुगतो आणि माद्यांपेक्षा अधिक वेळा प्रजननाला येतो, त्यामुळे थोडे नरही पुष्कळ काम निभावतात. मला जास्त धास्ती वाटते ती पुढच्या पायरीची. ३३-३४ अंशांच्या वर वाळू बराच काळ राहिली की लिंगाचा प्रश्नच उरत नाही. गर्भ अंड्यातच मरतात, जी पिल्लं निघतात ती दुबळी असतात. क्वीन्सलंड विद्यापीठातले डेव्हिड बूथ आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं पिल्लांची परीक्षा घेत आले आहेत: पिल्लू किती वेगानं चालतं, पाठीवर उलटं पडलं तर किती वेळात सुलटं होतं, पोहताना पाय किती जोरानं मारतं. फार गरम घरट्यांतली पिल्लं या तिन्हींत मागे पडतात. शिवाय शेवटच्या आठवड्यांत पिल्लं स्वतःही उष्णता निर्माण करतात आणि राशीचा मध्यभाग बाहेरच्या वाळूहून एक-दोन अंशांनी, कधी त्याहूनही जास्त तापतो. आधीच काठावर असलेल्या एप्रिलच्या घरट्याला ही वाढ पुरेशी ठरते.

वाळूचा रंगही यात भाग घेतो. अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावर सहा किलोमीटर अंतरावर दोन किनारे आहेत, एकाची वाळू फिकट, दुसऱ्याची ज्वालामुखीची काळी. काळा किनारा दोनेक अंशांनी जास्त गरम असतो. दोन्हीकडच्या हिरव्या कासवांची अंडी सारख्याच गरम परिस्थितीत उबवली तेव्हा काळ्या किनाऱ्यावरच्या माद्यांची अंडी अधिक तगली. उष्णता सोसण्याची ताकद पिढ्यान्‌पिढ्या निवडली जाऊ शकते, हे यातून दिसतं, आणि ही आशेची गोष्ट आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही काळबादेवी, मालगुंड अशा ठिकाणी इल्मेनाइटची काळी वाळू आहे. एका गावची पुळण आणि पुढच्या गावची पुळण उन्हात सारखी तापत नाही. सुरूच्या बनाच्या सावलीत असलेला खड्डा आणि उघड्यावरचा खड्डा यांतही फरक पडतो. कुंपणाची जागा गावात सोयीची कुठे आहे एवढ्यावर ठरते, तेव्हा नकळत पिल्लांचं तापमानही ठरून जातं.

तयार झालेलं पिल्लू नाकाच्या टोकावरच्या तात्पुरत्या दातानं कवच फाडतं. लगेच वर येत नाही. बाजूची अंडी फुटेपर्यंत, उरलेला बलक पोटात ओढून घेईपर्यंत थांबतं. मग सगळी मिळून वर सरकायला लागतात. वरची पिल्लं छताची वाळू खरवडतात, ती खाली पडते, खालची पिल्लं ती तुडवून पायाखाली घेतात, आणि अख्खी गर्दी तिच्यावर चढत वर येते. आर्ची कार आणि हॅरल्ड हर्थ यांनी १९६१ मध्ये हिरव्या कासवांच्या पिल्लांचा हा उद्योग काचेच्या भिंतीआडून पाहिला. एकटं पुरलेलं अंडं फुटलं तर पिल्लाला बहुधा वर येताच येत नव्हतं. पुढे मलेशियात झालेल्या मोजमापातून कळलं की सोबत जितकी जास्त, तितकी एकेका पिल्लाची खणण्याची शक्ती कमी खर्ची पडते. या चढाईला काही दिवस लागतात. वाळूच्या पृष्ठभागाजवळ आल्यावर ती तापलेली असेल तर पिल्लं निश्चल पडून राहतात आणि रात्री वाळू गार झाली की उसळून बाहेर येतात. अंड्यांची रास अर्धी-अर्धी करून दोन खड्ड्यांत पुरली तर उष्णता कमी होईल हे खरं, पण ही सोबतही अर्धी होते. खड्ड्यातली कुठलीही एक गोष्ट बदलली की दुसरी बदलते, असा हा संसार आहे.

ऑलिव्ह रिडलीचे सामूहिक विणीचे किनारे सर्वांना ठाऊक आहेत: ओडिशातलं गहिरमाथा आणि ऋषिकुल्या, कोस्टा रिकातलं ऑस्टिओनल. लाखोंनी कासवं येतात आणि आधीच्या मादीची अंडी पुढची मादी खणून काढते. ऑस्टिओनलच्या वाळूत फुटक्या, कुजक्या अंड्यांमुळे जिवाणू आणि बुरशी माजते, ती प्राणवायू खाऊन टाकते आणि पिल्लं निघण्याचं प्रमाण खूप खाली येतं. त्या मानानं कोकणातली विखुरलेली, एकेकटी घरटी भाग्यवान म्हणायची. पण हा धडा कुंपणांनाही लागू आहे. वर्षानुवर्षं त्याच चौकोनात, तीच वाळू वापरून, खड्ड्याला खड्डा लावून अंडी पुरली तर छोट्या प्रमाणावर आपणही तीच परिस्थिती तयार करतो. जागा दरवर्षी बदलावी, निदान वाळू तरी बदलावी, खड्ड्यांत अंतर ठेवावं आणि पिल्लं सुटली की न फुटलेली अंडी काढून टाकावीत.

चांगल्या हेतूनं केलेल्या हस्तक्षेपाचं सर्वांत बोलकं उदाहरण मेक्सिकोच्या आखातातलं आहे. ऑलिव्ह रिडलीची सख्खी बहीण म्हणावी अशी केम्प्स रिडली ही जात तिथे संपत आली होती. १९४७ मध्ये एका दिवसात हजारो माद्या ज्या किनाऱ्यावर चित्रित झाल्या होत्या, त्या भागात १९८५ च्या पूर्ण हंगामात केवळ ७०२ घरटी सापडली. ही जात टेक्ससच्या पाद्रे बेटावर रुजवावी म्हणून १९७८ ते १९८८ या काळात दरवर्षी दोनेक हजार अंडी मेक्सिकोतून नेली गेली. ती तिथल्या वाळूला लागूही दिली नाहीत. मादीच्या मागे पिशवी धरून झेलली आणि पाद्रे बेटावरच्या वाळूत, फोमच्या पेट्यांमध्ये उबवली. पिल्लं निघत होती, आकडे भरत होते. पण त्या पेट्यांमध्ये तापमान कमी राहत होतं. सुरुवातीच्या वर्षांतली पिल्लं मोठ्या प्रमाणात नर निघाली. तापमानाचा नियम नुकताच समजत होता, त्यामुळे कुणाला बोल लावता येणार नाही. कळल्यावर तापमान वाढवलं गेलं आणि नंतरच्या वर्षांत माद्या मिळू लागल्या. १९९६ मध्ये त्या प्रकल्पातल्या दोन माद्या पाद्रे बेटावर अंडी घालायला परत आल्या. दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाममध्येही अशाच पेट्यांनी नरांची भर घातली होती, हे म्रोसोव्स्कींनी दाखवून दिलं होतं.

कोकणाला धोका उलट बाजूनं आहे. हंगाम साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंड्यांचा, त्यापुढे पिल्लांचा. थंडीतल्या घरट्यांतून नर निघण्याची शक्यता जास्त, उन्हाळ्यातल्या घरट्यांतून माद्यांची. म्हणजे डिसेंबर-जानेवारीची घरटी नुसती ‘सुरुवातीची’ म्हणून बाजूला ठेवायची नाहीत. पश्चिम किनाऱ्यावरचे नर बहुधा त्यांतून येतात. उशिराच्या घरट्यांना सावली द्यायची की पाणी शिंपायचं, हे ठरवताना तापमान मोजल्याशिवाय हात घालू नये. सावलीच्या जाळीनं वाळू थंड होते, पावसानं होते, ग्रेट बॅरियर रीफवर समुद्राचं पाणी एकदा भरपूर शिंपडूनही काही अंशांनी तापमान खाली आणता आलं आणि अंडी बिघडली नाहीत. पण सगळ्याच घरट्यांवर सरसकट जाळी घातली तर पाद्रे बेटाची पुनरावृत्ती होईल. अर्धी सावलीत, अर्धी उघड्यावर, आणि दोन्हींत तापमापक, हा मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो. जिथे घरटं भरतीरेषेच्या वर आहे आणि राखण शक्य आहे, तिथे ते जागेवरच ठेवावं. मादीनं निवडलेल्या जागांमध्ये जी विविधता असते ती एका कुंपणात येत नाही.

आपल्याकडे एक मोठा साठा आधीच आहे, त्याकडे कुणी तापमानाच्या नजरेनं फारसं पाहिलेलं नाही. प्रत्येक केंद्राच्या वहीत खड्ड्याचा क्रमांक, अंडी पुरल्याची तारीख, अंड्यांची संख्या आणि पिल्लं वर आल्याची तारीख लिहिलेली असते. दोन तारखांमधले दिवस म्हणजे त्या खड्ड्याच्या सरासरी तापमानाची नोंदच. सत्तावन्न दिवसांचा खड्डा आणि सेहेचाळीस दिवसांचा खड्डा शेजारी ठेवले तर कुठला थंड आणि कुठला तापलेला होता हे लगेच उमगतं, आणि त्यावरून नर-माद्यांचा कलही साधारण कळतो. वेळासला ही नोंद दोन दशकांहून जुनी आहे. ती वर्षवार मांडली तर कोकणच्या वाळूचं काय चाललंय हे कासवांनीच लिहून ठेवलेलं सापडेल.

वर आल्यानंतरच्या काळजीबद्दलही बोलायला हवं. पिल्लाच्या पोटातला उरलेला बलक त्याला पहिल्या दिवसभराच्या अखंड पोहण्यासाठी असतो. किनाऱ्याजवळचे भक्षक मागे टाकून खोल पाण्यात पोचायचं ते याच जोरावर. पिल्लं टोपलीत कोंडून ठेवली तरी ती हातपाय मारतच राहतात. हिरव्या कासवांच्या पिल्लांवर २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही तास अडवून ठेवलेली पिल्लं पाण्यात हळू पोहताना आढळली. पर्यटकांना पिल्लं दाखवणं वाईट नाही. त्या पैशानं गावात घरं चालतात आणि राखणदारीही. फक्त रात्री वर आलेली पिल्लं सकाळच्या गर्दीसाठी थांबवण्यापेक्षा ती वर आली की सोडावीत आणि पाहुण्यांना ज्यांची वेळ जुळेल ती दाखवावीत.

जिवंत पिल्लू नर की मादी हे बाहेरून ओळखता येत नाही. पूर्वी त्यासाठी मेलेल्या पिल्लांची जननग्रंथी तपासावी लागे. २०२० मध्ये फ्लोरिडातल्या संशोधकांनी थेंबभर रक्तातल्या, नरातच आढळणाऱ्या एका संप्रेरकावरून काही दिवसांच्या पिल्लाचं लिंग सांगता येतं हे दाखवलं. अशी तपासणी वन खात्याच्या परवानगीनं आणि तज्ज्ञांच्या हातूनच होऊ शकते. कोकण त्यासाठी उत्तम जागा आहे: एकाच पुळणीवर थंडीतले आणि उन्हाळ्यातले खड्डे, प्रत्येकाची तारीखवार नोंद, आणि ती ठेवणारी माणसं. पहिलं काम त्याहून सोपं आणि स्वस्त आहे. येत्या नोव्हेंबरला पहिलं घरटं सापडेल तेव्हा अंड्यांच्या राशीच्या मधोमध, वरचं-खालचं न बदलता, एक छोटा तापमान-नोंदक ठेवायचा आणि पिल्लं सुटली की तो काढून वहीतल्या तारखांशेजारी त्याचे आकडे लिहायचे.